वर्गणीवर वाचलेला संघ

एखाद्या गावाचा जीव कशात गुंतलेला असतो, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कुठे तो ग्रामदैवताच्या जत्रेत असतो, कुठे तालमीच्या मातीत. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या पश्चिमेला फुट्सक्रे नावाची कामगारवस्ती आहे. तिचा जीव एका फुटबॉल संघात गुंतलेला आहे. 1989 सालच्या ऑक्टोबर महिन्यात हा संघ बंद होणार, असे जाहीर झाले, तेव्हा तो जीव किती खोल गुंतला आहे हे साऱ्या देशाने पाहिले.

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू येतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉल मात्र वेगळा. चेंडू लंबगोल, मैदान क्रिकेटचे आणि प्रत्येक बाजूला 18 खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन धावता येते, पण साथीदाराकडे तो फेकता येत नाही. मुठीने ठोसून किंवा पायाने मारूनच द्यावा लागतो. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग जड होऊ नये म्हणून एखादा खेळ हवा, असे टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 साली सुचवले. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम लिहिले गेले.

फुट्सक्रेचा संघ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. आजूबाजूला दगडाच्या खाणी, कत्तलखाने, दारूगोळ्याचे आणि टायरचे कारखाने. नदीपलीकडच्या सुखवस्तू मेलबर्नने या भागाकडे नाक मुरडावे, हे ठरलेलेच. आठवडाभर राबलेला कामगार शनिवारी दुपारी बायकामुलांना घेऊन मैदानावर जाई. लाल, पांढऱ्या, निळ्या रंगाचा पट्टा गळ्यात घातला की तोही कुणीतरी असे. 1924 साली युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या मदतीसाठी एक सामना झाला. त्यात या दुय्यम गणल्या जाणाऱ्या संघाने वरच्या लीगच्या विजेत्या एसेंडनला हरवले. पुढच्याच वर्षी, 1925 मध्ये, फुट्सक्रेला त्या वरच्या लीगमध्ये प्रवेश मिळाला.

तिथे अजिंक्यपद मिळायला 1954 साल उजाडले. कर्णधार आणि प्रशिक्षक या दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळणाऱ्या चार्ली सटनच्या संघाने अंतिम सामन्यात मेलबर्नचा 51 गुणांनी पराभव केला. त्या संघातला तरुण टेड विटन पुढे 321 सामने खेळला आणि 'मिस्टर फुटबॉल' म्हणून देशभर ओळखला गेला. पण त्यानंतर मात्र यशाने पाठ फिरवली. गल्ला रिकामा, कर्ज वाढते. इकडे लीग देशभर पसरू लागली होती आणि एकट्या मेलबर्नमध्ये इतके संघ कशाला, असा सूर निघू लागला होता. साउथ मेलबर्नचा संघ तर 1982 मध्येच सिडनीला गेला होता.

अशा वेळी 1989 चा तो निर्णय आला. फुट्सक्रेचे फिट्झरॉय या संघात विलीनीकरण करायचे आणि नव्या संघाचे नाव 'फिट्झरॉय बुलडॉग्ज' ठेवायचे. हिशेबाच्या वहीत हे अगदी चोख होते. वस्तीला मात्र कुणी विचारलेच नव्हते. कामगारांचे खटले लढवणारा पीटर गॉर्डन हा तरुण वकील पुढे झाला. एका सामान्य पाठीराख्या बाईच्या नावाने न्यायालयात दाद मागण्यात आली आणि सुमारे तीन आठवड्यांची मुदत मिळाली. तेवढ्या दिवसांत 15 लाखांच्या आसपास डॉलर उभे करायचे होते.

आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीला जशी मंडळी निघतात, तशी फुट्सक्रेची माणसे निघाली. दारोदार फिरली, चौकात डबे खुळखुळवत उभी राहिली. मैदानावर हजारोंची सभा भरली आणि तिथेच लोकांनी खिसे रिकामे केले. पेन्शनवर जगणाऱ्यांनी दिले, शाळकरी पोरांनी खाऊचे पैसे दिले. रक्कम जमली. संघ वाचला.

इथे गोष्ट संपली असती तर ती गोड झाली असती. पण नंतरच्या वर्षांनी त्या विजयाची किंमत मागून घेतली. 1995 मध्ये टेड विटन कर्करोगाने गेला. दृष्टी गेलेल्या अवस्थेत त्याने मोटारीतून मेलबर्नच्या भव्य मैदानाला मारलेली शेवटची फेरी पाहून उभ्या स्टेडियमचे डोळे पाणावले होते. त्याचे नाव फुट्सक्रेच्या मैदानाला दिले गेले. 1996 मध्ये संघाचा लाडका खेळाडू ख्रिस ग्रँट याला दुसऱ्या शहरातून मोठ्या रकमेचे बोलावणे आले. त्याने जाऊ नये म्हणून एका लहान पाठीराख्याने पत्राला 20 सेंटचे नाणे चिकटवून पाठवले. ग्रँट राहिला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस संघाचे नाव बदलून 'वेस्टर्न बुलडॉग्ज' झाले आणि 1997 नंतर पुरुषांचे मोठे सामनेही त्या मैदानावरून हलले. ज्या नावासाठी डबे फिरवले, तेच नाव पाटीवरून उतरले! फिट्झरॉयचे भाग्य तर त्याहून वाईट. 1996 मध्येच लीगमधले त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि तो ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला.

मग फुट्सक्रेच्या लोकांनी वाचवले तरी काय? याचे उत्तर त्या जुन्या मैदानावर मिळते. आज तिथे संघाचा सराव चालतो, पाळणाघर चालते, विद्यापीठाचे वर्ग भरतात. डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करणाऱ्या पुरुषांसाठी संघाने 'सन्स ऑफ द वेस्ट' हा आरोग्याचा मोफत उपक्रम सुरू केला. पुढे बायकांसाठीही तसाच उपक्रम आला. याच मैदानावर महिलांचे लीग सामने रंगले आणि 2018 मध्ये बुलडॉग्जच्या मुलींनी अजिंक्यपदही मिळवले. वस्तीही बदलली आहे. इटालियन, ग्रीक, व्हिएतनामी कुटुंबांमागून आफ्रिकेतली माणसे आली, भारतीय आली. वेस्ट फुट्सक्रेच्या बार्कली स्ट्रीटवर आता डोशाचा आणि बिर्याणीचा दरवळ असतो. पश्चिम उपनगरांत स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलेही शाळेच्या मैदानावर लंबगोल चेंडू झेलायला शिकतात.

आणि 2016 साल. गुणतक्त्यावर सातव्या क्रमांकावर असलेला संघ बाद फेरीत एकेक सामना जिंकत गेला आणि 1 ऑक्टोबरला सिडनीला 22 गुणांनी हरवून 62 वर्षांनी अजिंक्य ठरला. दुखापतीमुळे खेळू न शकलेला कर्णधार बॉब मर्फी बाहेर बसून होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला मंचावर बोलावले आणि स्वतःचे पदक त्याच्या गळ्यात घातले. 27 वर्षांपूर्वी डबा घेऊन फिरलेल्या कितीतरी माणसांना त्या क्षणी आपल्याच गळ्यात पदक पडल्यासारखे वाटले असेल.

पाटीवरून उतरलेले नावही पुरते गेले नाही. 2014 पासून राज्य पातळीच्या लीगमध्ये बुलडॉग्जचा दुसरा संघ खेळतो. त्याच्या नावात फुट्सक्रे आहे. आणि तो संघ आपल्या वाट्याचे सामने वस्तीतल्या त्याच मैदानावर खेळतो.