उजवी बाजू, डावी बाजू

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका लागत असे, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. घाटकोपरच्या आमच्या चाळीत तेव्हा एकाच घरी टीव्ही होता आणि त्या दारात चपलांचा ढीग पडे. इंग्रजीचे अक्षर कळत नव्हते. टोकदार कानांचा स्पॉक आणि आपोआप उघडणारी दारे, एवढ्यावर आम्ही पोरे खूश होतो.

गेल्या महिन्यात आमच्या कन्येने त्याच मालिकेतला एक भाग संगणकावर लावून दिला. "पप्पा, हा बघाच. तुमच्या भाषणाला उपयोगी पडेल," म्हणाली. भागाचे नाव 'लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड'. तो अमेरिकेत प्रथम दाखवला गेला 10 जानेवारी 1969 रोजी. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या 4 एप्रिल 1968 ची, म्हणजे जेमतेम नऊ महिने झाले होते. हे ध्यानात ठेवूनच तो पाहावा.

कथा थोडक्यात अशी. कप्तान कर्कच्या यानावर लोकाई नावाचा परग्रहावरचा फरारी सापडतो. त्याचा चेहरा मधोमध दुभंगलेला, अर्धा काळा, अर्धा पांढरा. मागोमाग त्याला पकडायला बील नावाचा अधिकारी येतो, तोही तसाच. हा पाठलाग म्हणे पन्नास हजार वर्षे चाललेला! बीलच्या लोकांनी लोकाईच्या लोकांना गुलाम करून ठेवले, त्यांनी बंड केले, असे प्रकरण. स्पॉक बीलला म्हणतो, तुम्ही दोघे तर एकाच वंशाचे दिसता. बील थक्क होतो. हा उजवीकडे पांढरा आहे आणि मी उजवीकडे काळा, हे तुम्हाला दिसत नाही का, असे तो विचारतो.

आम्ही भाग तिथेच थांबवला. खरे सांगायचे तर तोवर आमच्याही लक्षात आले नव्हते! दोघांना समोरासमोर पाहूनही नाही. या भागाचे खरे बळ इथे आहे. आम्ही हिशेबाच्या टेबलावरचे माणूस. आमच्या खतावणीतही नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे असते, पण म्हणून डावी बाजू विटाळली असे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे तर तेवढाही रंग दिसत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलुंडला भाड्याची खोली पाहायला गेलो होतो. घरमालकाने आधी आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग म्हणाला, "गावात तुमचं घर कोणत्या बाजूला?" आम्ही बाजू सांगितली आणि खोली दुसऱ्या कोणाला तरी दिल्याचे त्याला तेवढ्यात आठवले.

आता उणिवा. या सुमारास मालिकेचा खर्च कमी केलेला होता आणि ते दिसते. बीलचे यान म्हणे अदृश्य आहे, म्हणजे ते बनवायलाच नको. शेवटी दोघे बोळांतून धावतच सुटतात, ते काही संपत नाही. यान उडवून देण्याची आज्ञा मात्र झकास. दोन सह्यांचा चेक असतो, तशी तीन अधिकाऱ्यांनी एकामागून एक सांकेतिक अक्षरे-आकडे सांगायची. घड्याळ उलटे चालू लागले तेव्हा आमच्या मंडळींच्या हातातली लसूण तशीच राहिली.

पण मोठी उणीव पैशाची नाही. शेवटी ते आपल्या ग्रहावर पोहोचतात, तर तिथे कोणीच जिवंत नाही. आपसात लढून सगळे मेलेले. तरी हे दोघे भांडतच राहतात. म्हणजे गुलाम करणारा आणि गुलामीविरुद्ध उठलेला यांना लेखकाने एकाच रकान्यात मांडले. लोकाई खलाशांना विचारतो, केवळ तुमच्यासारखे आहेत म्हणून तुमची माणसे मारली जाताना कसे वाटते, हे तुम्हाला कसे समजावू? त्याचे बोलणे खरे आहे. पण त्याला इतका कांगावखोर रंगवला आहे की ऐकणाऱ्याचे मन वळू नये. आणि द्वेषाशिवाय यांच्याकडे कधी काही होते का, हा प्रश्न कोणाच्या तोंडी घातला? यानावरच्या कृष्णवर्णीय उहुराच्या! ते काम करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडणार होत्या. किंग यांनीच त्यांना राहायला सांगितले, असे त्या सांगत.

11 जुलै 1997 ला रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, 10 माणसे गेली. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. त्यानंतर शेजारपाजारचे सज्जन आम्हाला समजावत, "दोन्ही बाजूंनी शांत राहावं." एका बाजूला बंदुका होत्या, दुसऱ्या बाजूला प्रेते. या भागाचा शेवट पाहताना तेच शब्द कानात आले.

कन्येला हे पटले नाही. "पप्पा, पण शेवटी कुणीच उरलं नाही ना? लोकाईचे लोक तरी कुठे उरले?" आम्ही म्हणालो, तो लेखकाचा शेवट आहे, गुलामांनी मागितलेला नव्हे. ती म्हणाली, "लेखकाने भीती दाखवली, निकाल नाही दिला." जेवणे होईपर्यंत हेच चालले.

येत्या रविवारी विहारात मुलांच्या अभ्यासवर्गात हा भाग दाखवायचा आहे. आधी कोणी बोलायचे यावर घरात तिढा आहे. तिने तिचे टिपण लिहून ठेवले आहे आणि आम्हाला ते दाखवत नाही.