साताऱ्यातील एक पोते आणि एक पंगत

गेल्या ७ नोव्हेंबरला आमच्या वस्तीतील काही कुटुंबे शिदोरी बांधून एस.टी.ने साताऱ्याला गेलो.

प्रथम राजवाड्यालगतची शाळा पाहिली. आजचे प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींचा भिवा येथे इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्याची बालपणीची सही आहे. शाळेत नाव लागले, पण वर्गात जागा मिळाली नाही. कोपऱ्यात वेगळे पोते अंथरून बसायचे, संध्याकाळी ते घरी न्यायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे.

आमच्यातील एका चिमुरडीने विचारले, "शिपाई रजेवर असला तर?"

"तर तहानलेलंच राहायचं, बाळा," तिची आजी म्हणाली. पुढे कोणीच बोलले नाही.

तेथून धनिणीच्या बागेकडे गेलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. सर्व जातींची मुले येथे एकत्र राहत, कष्ट करीत, एकाच पंगतीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले; मंगळसूत्रही राखले नाही. ज्या गावात एका मुलाला पोते घरी न्यावे लागले, त्याच गावात पाव शतकात ही पंगत बसली.

आम्हांला वाटते, पहिल्या ठिकाणीही शिक्षण होतेच. मास्तर होते, पुस्तके होती. नव्हता तो बंधुभाव. नुसती अक्षरे माणसे जोडीत नाहीत.

बंधूंनो, भगिनींनो, हे दुसऱ्यांना सांगणे सोपे आहे. आमच्या वस्तीत आज घरोघरी पदवीधर आहेत. तरीही सोयरीक जमवताना आपल्यातलाच शिकलेला बाप हळूच पोटजात विचारतो. हे प्रस्तुत लेखकाच्या घरीही घडले आहे. मग आपणही ते पोते अजून घरी नेत-आणत आहोत, असेच नव्हे काय?

दुपारी झाडाखाली डबे उघडले. कोणाची भाकरी, कोणाची चपाती, कोणाचा ठेचा. आजीने सगळे एका कागदावर ओतले आणि म्हणाली, "आता ओळखा कुणाचं कुठलं."

कोणालाही ओळखता आले नाही. सोयरीक जमवतानाही असेच व्हावे, एवढेच आमचे मागणे आहे.