ऑक्सिजन न सोडणारी स्वारी

टायटॅनियमची ओळख करून घ्यायला विमानाच्या इंजिनापर्यंत जायला नको. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तो भेटतो, इल्मेनाइटमध्ये लोखंडाशेजारी बसलेला. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही तोच. पृथ्वीच्या कवचातल्या मूलद्रव्यांत विपुलतेने नववा, तरी धातू म्हणून भाव चढा. कारण स्वभाव! ऑक्सिजनला तो फणसाच्या चिकासारखा चिकटतो.

१७९१ मध्ये विल्यम ग्रेगरला कॉर्नवॉलच्या वाळूत त्याची चाहूल लागली, पण शुद्ध धातू म्हणून स्वारी समोर आली ती १९१० मध्ये. पुढे धातुशास्त्रज्ञ क्रोलने वाट घालून दिली : आधी क्लोराइड करायचं, मग मॅग्नेशियमकडून क्लोरीन काढून घ्यायचा. केरळात चवऱ्याला आजही हीच रीत.

केंब्रिजच्या फ्रे, फार्दिंग आणि चेन यांनी मात्र थेट ऑक्साइडलाच विजेवर घेतलं. धातूवरची ऑक्सिजनची साय काढता काढता त्यांच्या लक्षात आलं की आख्खा ऑक्साइडच धातू होतोय. २००० साली त्यांनी ते जगापुढे मांडलं.

ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीची दाबून भाजलेली गोळी ऋणाग्राच्या तारेला बांधायची, नऊशे अंशांच्या आसपास तापलेल्या कॅल्शियम क्लोराइडच्या रसात सोडायची. समोर ग्राफाइट, विजेचा दाब जेमतेम तीन व्होल्ट. सुरुवातीला स्वारी विजेला दारातच उभी करते. तारेजवळचा थोडा ऑक्सिजन सुटला की मग वाट मोकळी होते. मध्येच रुसून रसातलं कॅल्शियम ओढून घेते, फुगते, स्वतःचीच छिद्रं बुजवते. सुटलेला ऑक्सिजन रसातून ग्राफाइटकडे जातो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. टायटॅनियम मात्र वितळतसुद्धा नाही! निवल्यावर मीठ धुतलं की गोळी तीच, फक्त आता करडी, सच्छिद्र आणि धातूची. निववायचंही आर्गॉनच्या पहाऱ्यात. गरम असताना हवा लागली, तर पुन्हा ऑक्सिजनला मिठी.

केंब्रिजच्या या वाटेचं मला मनापासून कौतुक आहे. तिने टायटॅनियमचं मन वळवलं आहे, मोडलेलं नाही. पण शेवटचा अर्धा टक्का ऑक्सिजन निघता निघत नाही. तो राहिला तर धातू ठिसूळ होतो, आणि काढत बसलं तर तासन्‌तास वीज वाया जाते. म्हणूनच जगातला बहुतेक टायटॅनियम अजून क्रोलच्याच वाटेने येतो.