पिठल्याची माफी

चि. बाळूस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र कालच्या टपालाने रुजू झाले. कचेरी, खोलीचे भाडे आणि त्या जुन्या प्रकरणाचा एकदाचा लागलेला निकाल यांविषयीची पहिली तीन पाने मी ज्या समाधानाने वाचली, ते समाधान चौथ्या पानावर पार ओसरले. अवचित आलेल्या साहेबांना तू पिठले-भात वाढलास, हे उत्तमच केलेस. परंतु ताट पुढे ठेवताना ‘घरात दुसरे काही नव्हते’ असे म्हणून तू त्यांची क्षमा मागितलीस, हे वाक्य वाचल्यावर मी चष्माच काढून ठेवला. अरे, क्षमा कशाबद्दल? शेगावास गजानन महाराजांच्या नैवेद्यात पिठले-भाकरी असते, आणि सिंहगडाच्या चढावर धापा टाकणाऱ्यांपैकी कित्येकांचे चित्त इतिहासापेक्षा वरच्या पिठल्यात आणि मडक्यातल्या दह्यात गुंतलेले असते. जे देवापुढे ठेवताना कोणी ओशाळत नाही, त्यापायी तू ओशाळावेस इतका तुझ्या साहेबांचा हुद्दा मोठा आहे काय? अक्काला मी यातले अवाक्षर कळवलेले नाही.

आता तुझा प्रश्न. ‘गुठळ्या का होतात, ते एका ओळीत कळवा.’ एका ओळीत जप्तीची नोटीसदेखील निघत नाही, बाबा. उकळत्या पाण्यात पीठ एकदम ओतले की बाहेरचे पीठ तत्क्षणी फुगून चिकट होते, त्याचे कवच बनते आणि आतले पीठ कोरडे ठणठणीत कोंडून राहते. मग वरून कितीही ढवळलेस तरी त्या कोठडीत पाणी शिरत नाही. म्हणून एक तर पीठ आधी गार पाण्यात किंवा ताकात कालवून घ्यावे, नाही तर डाव्या मुठीतून चिमटीचिमटीने पेरावे आणि उजव्या हातातली पळी क्षणभरही थांबू देऊ नये. दुसऱ्या दिवशी मिक्सरमध्ये पीठ-पाणी फिरवून घेतल्याचे तू मोठ्या अभिमानाने लिहिले आहेस. इलाज लागू पडला असेल, पण त्यायोगे तुझा हात तयार होणार नाही. शिवाय गाठीचे पिठले म्हणून एक स्वतंत्र प्रकार आहे, त्यात गाठी मुद्दाम ठेवतात आणि त्या आतपर्यंत शिजवतात. तो तुझ्या आजीला साधे, आम्हाला साधला नाही.

प्रमाण वाटीभर पिठाला तीन वाट्या पाणी. तेलाचा हात थोडा सैल सोडावा. मोहरी तडतडली की जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, मग कांदा, आणि हळद सर्वांच्या मागून, कारण ती करपायला निमित्तच शोधत असते. मीठ, दोन आमसुले, झाकण, मंद आच. कच्च्या पिठाचा वास पुरता जाईपर्यंत वाफ दिलीच पाहिजे आणि हवे त्याहून किंचित पातळ असतानाच उतरवले पाहिजे, कारण ते ताटात येईपर्यंत आळत राहते. साहेबांना तिखट सोसत नाही म्हणून तू मिरची वगळलीस, याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात या मुलखात आणली. ज्ञानेश्वरांच्या काळी ज्याला तिखट खायचे असेल त्याला मिऱ्यांवरच भागवावे लागे.

परंतु हा सारा तपशील व्यर्थ आहे, कारण तुझा मूळ अपराध पिठाचा आहे. तू पुडीतले पीठ आणलेस. मी जन्मभर सांगत आलो आणि घरात कोणी मनावर घेतले नाही, की पिठले चुलीवर बिघडत नाही, ते गिरणीत बिघडते. हरभऱ्याची डाळ उन्हात तापवावी, कढईत जरा शेकवावी आणि कुणाच्या तरी डाळीवरच आपली डाळ दळून घ्यावी. गव्हावर दळलीस तर पहिले पीठ गव्हाचेच घरी येते. दळण किंचित रवाळ हवे. पुडीतले ते भुकटीसारखे गुळगुळीत पीठ भज्यांना चालेल. त्यात वाटाण्याचे पीठ मिसळलेले असले तर पिठले मिळमिळीत होते, आणि लाखेच्या डाळीचे असले तर गोष्ट चवीपुरती राहत नाही, कारण ती डाळ महिनोन्महिने भरपूर पोटात गेली तर माणसाचे पाय लुळे पडतात, आणि म्हणूनच 1961 साली तिच्या विक्रीला मनाई झाली. हुकूम निघाला म्हणजे अंमलबजावणी झाली असे मानण्याइतका मी भोळा नाही. सरकारी दप्तरात माझे केस पांढरे झाले आहेत.

फिरतीवर असताना संगमेश्वराकडच्या एका गावी भर आषाढात ओढ्याला पूर येऊन आमचा मुक्काम चावडीत पडला, तेव्हा कोतवालाच्या बायकोने त्याच दिवशी जात्यावर भरडलेल्या कुळथांची पिठी आणि भात आम्हाला वाढला. कुळीथ आधी खमंग भाजलेले, वर लसणीची फोडणी, आणि कढईच्या बुडाला धरलेली खरवड तिने उलथन्याने खरडून आमच्या मामलेदारसाहेबांच्या पानात वाढली, ती क्षमा न मागता; उलट ‘ही सर्वांना मिळत नाही’ असे वर बजावून. साहेबांनी पान स्वच्छ केले. (तुझी मामी मागून वाचते आहे आणि ही हकीकत पुरे करा म्हणते आहे.)

पण बाळू, खरे सांगायचे तर पिठल्यापेक्षा मला त्या पत्रातील दुसरेच वाक्य अधिक टोचते आहे. साहेब गेल्यावर उरलेले पिठले तू रात्री साडेदहाला ओट्याशी उभ्याउभ्या खाल्लेस आणि नंतर छातीत जळजळले, हे तू गमतीने लिहिलेस; मला त्यात गंमत दिसली नाही. हे रोजचेच आहे काय? डाळीचे पीठ जड, अर्धेकच्चे राहिले तर अधिकच जड, आणि तुझे पोट लहानपणापासून कसे आहे ते त्या पंढरपूरच्या वारीत आम्ही सर्वांनी पाहिले आहे. रात्री उशीर होणार असेल तर मुगाची खिचडी कर, ओवा जवळ ठेव, आणि बसून जेव. एकटा आहेस म्हणून पाट मांडायला मनाई नाही.

पीठ मी परवाच दळून आणवले आहे. शेजारचे वकील शुक्रवारी तिकडे येत आहेत, त्यांच्याबरोबर देतो. पावसाळ्यात महिन्याच्या वर ठेवू नकोस, खवट होते आणि पोरकिडे होतात. डब्यावर तुझ्या मामीचे नाव घातले आहे, तो परत आला पाहिजे. आणि जळजळीचे काय ते सविस्तर लिही. ‘ठीक आहे’ एवढ्या मजकुरावर मी समाधान मानणार नाही. डॉक्टरला दाखवले असल्यास तेही लिही, नसल्यास दाखवून मग लिही.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा