देवघरातली साखर

आषाढातल्या एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर आले, तेव्हा सासूबाईंना वाटलं, सुनेनं दिवाळीची साफसफाई आधीच काढली की काय! पण डबे घासायला नव्हे, रिकामे करायला काढले होते.

डोंबिवलीतलं चौघांचं घर. नवऱ्याला मधुमेह होऊन नऊ वर्षं झालेली. गोळ्या वाढत होत्या, साखर काही उतरत नव्हती. ऑफिसातल्या एका मित्रानं भात-पोळी सोडून वजन उतरवलं आणि नवऱ्यानंही तोच ध्यास घेतला : पिष्टमय पदार्थ कमी, स्निग्ध पदार्थ जास्त. कल्पना तशी जुनीच. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेहींना असंच जेवण देत. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठीही असा आहार सुचवला होता.

ती वही घेऊन बसली. शंभर ग्रॅम तांदळात पिष्टमय भाग सुमारे ७८ ग्रॅम. पोहे, रवा, कणीक त्याच वाटेवरचे. साबुदाणा तर जवळजवळ सगळाच पिष्ट.

"मग ज्वारीची भाकरी कर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ज्वारीतही सत्तरच्या आसपास आहे. नाचणीचंही तसंच."

"म्हणजे माणसानं जेवायचं तरी काय?"

तांदूळ, पोहे, साबुदाणा, बटाटे, बिस्किटं, गूळ, साखर सगळं भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या पिशवीत गेलं. डोळ्यासमोर असलं की हात जातो, म्हणून घरातच काही ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं. दहावीतला मुलगा कुरकुरला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण वरण-भाताशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मग खरेदी झाली. पनीर, अंडी, लोणी, बदाम, जवस. भाजीबाजारातून मेथी, दुधी, दोडका, फ्लॉवर, कोबी. यादीवरून नजर फिरवताना तिच्या लक्षात आलं, यातलं निम्मं घरात होतंच की! शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, तूप, दही. शेंगदाण्यात आणि तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं, खोबऱ्यात त्याहून जास्त. एरवी चटणीला नाहीतर भाजीवर भुरभुरवायला लागणाऱ्या वस्तू आता ताटाच्या मधोमध आल्या. उत्साहाच्या भरात तिनं तीळ आणि खोबरं दोन-दोन किलो आणलं. पावसाळी हवेत पंधरा दिवसांत खोबरं खवट झालं. तेव्हापासून तेलकट जिन्नस पाव-पाव किलोच आणायचे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचे, हे ती शिकली. वाण्याचं बिलही पहिल्याच महिन्यात चांगलंच फुगलं.

पण घरात सगळ्यांचं लक्ष डब्यांकडे होतं, गोळ्यांच्या पाकिटाकडे कुणाचंच नव्हतं. जेवण बदललं, गोळी तीच राहिली. डॉक्टरांना पुढच्या तपासणीच्या वेळी सांगू, असं ठरलं होतं.

एका रात्री तीनच्या सुमारास ती जागी झाली. नवरा घामानं निथळत होता, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. तिनं बोटाला सुई टोचून साखर पाहिली : ५२. सत्तरच्या खाली गेली की तातडीनं साखर द्यायची, हे नऊ वर्षांत पाठ झालेलं. ती स्वयंपाकघरात धावली. फळीवर स्वच्छ डबे, त्यांवर तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या : जवस, तीळ, बदाम. घरात साखरेचा कण नव्हता.

"हे घे," मागून आवाज आला. सासूबाईंच्या हातात देवघरातली छोटी डबी होती. "नैवेद्यापुरती ठेवली होती गं. तू रागावशील म्हणून बोलले नाही."

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिनं नवऱ्याला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं : ८१. सासूबाई तोवर मुलाच्या पाठीवरून हात फिरवत दारात उभ्या होत्या.

सकाळी डॉक्टर जेवणावरून रागावले नाहीत. "आधी गोळी, मग डबे," एवढंच म्हणाले. सगळी पाकिटं त्यांनी समोर मांडून घेतली. साखर उतरवणाऱ्या एका गोळीचा डोस निम्मा केला. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी दुसरी एक गोळी थांबवली. अशा आहारात त्या गोळीमुळे रक्तातलं आम्ल वाढण्याचा धोका असतो, हेही समजावलं. तूप चालतं म्हणून वाटीनं खाऊ नका, असं बजावून तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाची तपासणी करायला सांगितली.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं फळ्या पुन्हा लावल्या. खालची फळी नवऱ्याची. वरची सासूबाई आणि मुलाची. तिथे तांदळाचा डबा परत आला, लहानसा. सासूबाईंच्या ताटात वरण-भात पडला, तेव्हा नवऱ्यानं मेथीची पनीर घातलेली भाजी पुढे ओढली आणि भाताकडे पाहून नुसता हसला.

दोन्ही फळ्यांच्या मध्ये, अंधारातही हाताला लागेल अशा जागी, तिनं एक छोटा डबा ठेवला आणि त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली. आता दर महिन्याच्या यादीत तीळ, जवस, बदाम यांच्याही आधी ती एक ओळ लिहिते : साखर, पाव किलो. त्यातलीच मूठभर, न लपवता, देवघरातल्या डबीत जाते.