चूक कुणाला दिसावी?

पाचशे तीनमधून दोनशे सदुसष्ट वजा करायला सांगितल्यावर एक मुलगा ३६४ लिहितो, दुसरा ३३६. दोघांनाही फुली मिळते आणि तपासणाऱ्याचा हात पुढच्या वहीकडे जातो. मी सातवीला गणित शिकवते. अख्ख्या वर्गाच्या वह्यांचा ढीग समोर असताना यापेक्षा वेगळं काही होणं कठीणच.

पण या दोघांचं दुखणं एक नाही. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढलाय. वर कोण आणि खाली कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्या लेखी संख्या म्हणजे शेजारी शेजारी उभे केलेले सुटे अंक. दुसऱ्याला हातच्याची वजाबाकी बऱ्यापैकी येते. तिनाचे तेरा झाले, शून्याचे नऊ झाले, इथवर सगळं ठीक. फक्त हे सगळं शतकाच्या घरातून आलं, तेव्हा पाचाचे चार करायला हवेत, हे त्याच्या गावी नाही. शून्याने आपल्याच पदरचं दिलं अशी त्याची समजूत आहे. पहिल्याबरोबर काड्यांचे गठ्ठे घेऊन बसावं लागेल, तेही बरेच दिवस. दुसऱ्याला पाच मिनिटं पुरतील.

जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली नेमक्या अशाच वजाबाक्यांवर निबंध लिहिला. त्यांच्या संगणक-प्रणालीचं नाव ‘बग्गी’. मुलांच्या उत्तरांवरून आत कोणता बिघडलेला नियम चालतोय हे ती ओळखू पाहायची. त्यांचं म्हणणं असं, की बऱ्याच वेळा मूल एखादा चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतं. आपण त्याला वेंधळं म्हणून मोकळे होतो.

चुकीकडे असं बघणं आपल्याला फारसं मानवत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असंही छापलं, तेव्हा महाराष्ट्राने केवढी थट्टा केली! त्यामागे मुलांची रोजची चूक होती. कानाला आधी तीन ऐकू येतो, मग साठ. मूल ऐकलेल्या क्रमाने ३६ लिहून टाकतं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर हे परोपरीने समजावून सांगत होत्या. उपाय पटला नसेल तर नसो, पण मुलं कुठे अडखळतात या प्रश्नात कुणालाच रस नव्हता.

म्हणून शाळेत टॅबलेट आले, तेव्हा मला खरोखर आशा वाटली. उत्तर चुकलं की सॉफ्टवेअर एक पायरी खाली उतरतं, पुन्हा चुकलं की आणखी एक. सातवीतला मुलगा बघता बघता तिसरीच्या वजाबाकीवर येतो आणि शेजारच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. फळ्यापुढे उभं करून मिशी फुटू लागलेल्या मुलाला तिसरीचं गणित घालून बघा. तो उत्तर देणार नाही, हसेल, कुणाला तरी कोपराने ढोसेल, पाणी प्यायला जाऊ का विचारेल. तोच मुलगा भिंतीला पाठ टेकून, टॅबलेट गुडघ्यांत धरून तीच वजाबाकी तीन-तीनदा करतो. मागे असण्याची लाज या यंत्राने झाकली, त्याचं हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणि मग त्याच यंत्रातून रिपोर्ट निघतो.

रिपोर्टमध्ये नावापुढे टक्के असतात आणि टक्क्यांना रंग: हिरवा, पिवळा, लाल. शिक्षकांच्या बैठकीत तो प्रोजेक्टरवर लागतो. तिथून ‘अप्रगत’ मुलांची यादी होते, यादी वर्गशिक्षकांकडे जाते, पालकसभेत पोचते. गुडघ्यांत धरून ठेवलेली गोष्ट भिंतीवर मोठी होऊन झळकते. बरं, एवढं करून हाती काय लागतं? अमुक मुलगा बेचाळीस टक्के. तो कच्चा आहे हे मला जूनमध्येच माहीत होतं. ३६४ की ३३६, हे मला हवं असतं. ते त्या यंत्राच्या पोटात कुठेतरी असतंच, पण त्यासाठी चार ठिकाणी क्लिक करून प्रश्नवार तक्ता उतरवून घ्यावा लागतो आणि मग एकेक ओळ बोटाने वाचावी लागते. वेळापत्रकात त्याला तास नाही.

तो तक्ता वाचायलाही माणूसच लागतो. एका मुलाची दुपारची, शाळेतली उत्तरं दोन-दोन सेकंदांत दिलेली आणि बहुतेक चुकलेली. रात्री घरच्या फोनवर केलेली मात्र सावकाश आणि बिनचूक. सॉफ्टवेअरने दोन्हींची गोळाबेरीज करून त्याला पुढच्या घटकावर ढकललं. मला वाटलं, रात्री ताई गणितं सोडवत असणार. विचारलं तर म्हणाला, “नाही मॅडम, रात्रीची मीच करतो. ताई नुसती शेजारी बसते.” दुपारी शेजारी मित्र असतो आणि दोघांची कोण आधी संपवतो अशी शर्यत लागलेली असते. सेकंद मोजले गेले होते, ताई कुठल्याच रकान्यात नव्हती.

ताईची गरज मुंबईत आधीच ओळखली गेली होती, म्हणा. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी वस्तीतल्याच मुली असत, तिसरी-चौथीत मागे राहिलेल्या मुलांना वेगळं घेऊन त्या पायापासून शिकवत, संगणकाशिवाय. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसोबत मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा अभ्यास केला, त्यात मुलं सुधारलेली दिसली.

सॉफ्टवेअरचा पक्का पुरावा दिल्लीतून आला. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गनिमियन या संशोधकांनी २०१५ साली ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरच्या केंद्रांवर प्रयोग केला. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. मुलं चिठ्ठ्या टाकून निवडली होती. शाळेच्या वेळेबाहेर दीड तास, त्यातला निम्मा संगणकापुढे, निम्मा लहान गटात शिकवणाऱ्या माणसासोबत. सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे निघालं. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारलं, आणि शाळेत ज्यांची प्रगती जवळजवळ थांबली होती त्या तळाच्या मुलांनाही इतरांइतकाच फायदा झाला. पण शाळेच्या गणिताच्या परीक्षेत फरक उमटला नाही. कसा उमटेल? मूल तिसरीवरून पाचवीवर आलं तरी प्रश्नपत्रिका सातवीचीच असते.

हे वाचलं तेव्हा मला आमचंच प्रगतिपुस्तक आठवलं. त्या ताईच्या भावाने घटक चाचणीत वीसपैकी चार मिळवले, आधीच्या चाचणीतही चारच होते. मधल्या काळात तो शून्य असलेली वजाबाकी शिकला, एका अंकाने भागायला शिकला. दोन इयत्ता चालून आला आणि कागदावर जागचा हलला नाही.

वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात मी लिहिलं, ‘शतक सुटे करून वजाबाकी करतो.’ मुख्याध्यापकांनी सही करता करता पेन थांबवलं. “मॅडम, सातवीच्या मुलाची ही नोंद? वर कुणी वाचलं तर काय म्हणतील?” मी म्हटलं, सर, ही त्याची या वर्षातली सगळ्यात मोठी मजल आहे. पण रकाना पालकही वाचतात, तो स्वतःही वाचतो, हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. शेवटी नोंद ‘गणिती क्रियांत प्रगती समाधानकारक’ अशी झाली. मूळ वाक्य मी आठवीच्या गणिताच्या बाईंना सांगितलं. त्यांनी ते आपल्या डायरीत टिपून घेतलं आणि आणखी कोण कोण आहेत, असं विचारलं.