बॅगेत मावेल तेवढंच!

परवा सुट्टीला पंढरपूरला गेले, तर घरभर सामान! धाकटा भाऊ नेव्हीत मेकॅनिक. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर इंजिनं शिकला, मग विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनवर पाणबुडीचं ट्रेनिंग. आता पहिल्या पाणबुडीवर निघालाय. आईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी, दोन ब्लँकेट्स आणि उदबत्तीचे पुडे काढून ठेवलेले.

‘ताई, तूच सांग गं हिला! सामानाला एवढासा कप्पा मिळतो. बंकसुद्धा कधी कधी दोघांत एक. पाणी मोजून. आणि बंद हवेत उदबत्ती?’

मग यादीला कात्री लागली. उरलं काय? सुती बनियन, मऊ तळव्याच्या चपला, छोटा टॉर्च, वही-पेन आणि घरच्या फोटोची प्रिंट. पाण्याखाली मोबाईलला रेंज कुठली! खरं सामान डोक्यातच न्यायचं. कुठला व्हॉल्व्ह कुठे, हे अंधारातही हाताला सापडायला हवं. सगळी पाणबुडी अशी पाठ करून परीक्षा दिली, की मगच छातीवर डॉल्फिनचा बॅज.

‘फोन कधी करशील?’ आईनं विचारलं. तो गप्प.

आजीच म्हणाली, ‘अगं, वारकऱ्याच्या पडशीत तरी काय मावतं? येतोच ना तो चालत इथवर!’

आईनं ब्लँकेट्स उचलली. चटणीची छोटी डबी तेवढी गुपचूप आत सरकवली.

दोन दिवसांसाठी मी आणलेल्या बॅगेत तीन चार्जर होते. मी ती हळूच कॉटखाली ढकलली.